पाणी टोचतं तेव्हा

"पाणी टोचतंय गं," आई आतून म्हणाली.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई स्टुलावर बसून आंघोळ करते. हातात धरायचा शॉवर, भिंतीला पकडायला दांडी, पायाखाली रबरी चटई, असा सगळा जामानिमा आहे. तिची आंघोळ चालू असते तेव्हा मी बाहेर उगाचच काहीतरी आवरत घुटमळते. आत जायचं नाही, पण हाकेच्या अंतरावर राहायचं. त्यामुळे शॉवरबद्दलची प्रत्येक तक्रार मला ताजी ताजी ऐकू येते.

"टोचतंय म्हणजे गरम आहे का?"

"गरम नाही. टोचतंय. सुया मारल्यासारखं."

मला वाटलं, पाण्याचा जोर वाढला असेल. मी न्हाणीघराचा मुख्य कॉक अर्धा फिरवून बारीक केला आणि प्रश्न सुटला असं समजून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज पाणी पाठीपर्यंत पोचतच नाहीये. आणि तरी टोचतंयच."

पाणी कमी आहे आणि तरी टोचतंय, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? मी मनातल्या मनात तो सोयीस्कर निष्कर्ष काढला, जो आपण सगळेच कधी ना कधी काढतो: वय झालं की माणूस कुरकुरं होतं. तिसऱ्या दिवशी तिची आंघोळ झाल्यावर मी तो शॉवर हातात घेतला आणि दंडावर पाणी सोडून बघितलं. सुया मारल्यासारखंच होतं.

मग चष्मा लावून शॉवरची चाळणी जवळून बघितली आणि भोकं मोजली. साठ होती. त्यातल्या बावीस भोकांतून पाणी सरळ येत होतं. नऊ तिरकी फवारत होती, एक तर थेट माझ्या कानाकडे. उरलेली एकोणतीस ठार बंद. प्रत्येकाच्या तोंडाशी पांढुरका, खडूसारखा खडा बसलेला.

आईची तक्रार म्हणजे नेमकं निदान होतं, फक्त मला ते ऐकू आलं नव्हतं. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की काय होतं, ते लहानपणी सगळ्यांनीच करून बघितलेलं असतं. पाणी कमी येतं, पण लांब आणि जोरात उडतं. नळी पूर्ण उघडी असते तेव्हा पाणी भराभर वाहत असतं आणि पाइपाच्या भिंतींशी, कोपऱ्यांशी, कॉकशी घासत येताना त्याचा बराचसा दाब वाटेतच खर्ची पडतो. तोंड चिंचोळं केलं की वाहणं मंदावतं, घासणं कमी होतं, आणि वाटेत खर्च न झालेला दाब तोंडाशी येऊन थांबतो. उरलेल्या फटीतून तो पाण्याला जोरात ढकलतो. शॉवरची अर्धी भोकं बुजली की उरलेल्या अर्ध्यांवर हाच प्रसंग येतो. पाणी एकूण कमी, पण प्रत्येक धार पूर्वीपेक्षा तिखट. टोचतंय आणि पुरत नाही, दोन्ही खरं. आणि मी काय केलं होतं? कॉक बारीक करून असलेलं पाणीही तोडलं होतं.

मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. उलट, शॉवरच्या बाबतीत माझा इतिहास काळाकुट्ट म्हणावा असा आहे. पण चुका करून करून माणसाला जे कळतं, ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं, म्हणून ते सांगायचं धाडस करते.

पहिली चूक गळक्या शॉवरची. दुसऱ्या न्हाणीघरात भिंतीवरचा एक शॉवर रात्रभर टपकत असे. टप्, टप्, सेकंदाला एक. दिवसाला 86,400 थेंब, हा हिशेब मी रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या केलेला आहे. सकाळी जाऊन नवा, चकचकीत शॉवर आणला आणि बसवला. त्या रात्री तोही टपकला. नव्या धातूवर थेंबाचा आवाज जरा बरा येत होता, इतकाच फरक.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच. शॉवरच्या तोंडात पाणी अडवणारं काहीच नसतं. ती नुसती भोकं पाडलेली डबी आहे. पाणी अडवतो तो खाली भिंतीतला कॉक, आणि तो नीट बंद होत नसेल तर वर सोन्याचा शॉवर लावला तरी टपकणारच. जुन्या पद्धतीच्या, तीन-चार फेरे फिरवायच्या कॉकमध्ये स्पिंडलच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक रबरी वायसर असतो. तो झिजतो, कडक होतो, त्याला चीर पडते. नळ टपकायला लागला की आपण तो अधिक आवळतो. त्याने वायसर आणखी चिरडला जातो आणि तो जिथे टेकतो त्या धातूच्या बैठकीलाही कालांतराने खाचा पडतात. म्हणजे जितकं आवळावं तितका तो लवकर निकामी. पाव फेऱ्यात उघडबंद होणाऱ्या नव्या कॉकमध्ये वायसरच्या जागी सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या वर्षानुवर्षं टिकतात, पण वाळूचा एखादा कण मध्ये अडकून ओरखडा पडला की संपलं, आतली अख्खी कार्ट्रिज, म्हणजे त्या चकत्यांची डबी, बदलायची. त्यांचे आकार इतके निरनिराळे असतात की जुनी काढून सोबत नेण्याला पर्याय नाही. मोबाइलमधला फोटो दाखवून आणलेली कार्ट्रिज बसत नाही, हेही अनुभवाने सांगते.

गरम आणि गार अशा दोन कॉकचा शॉवर असेल तर दोषी कोण, हे शोधणं सोपं आहे. एकाचा मागचा पुरवठा बंद करून ठेवायचा आणि थेंब थांबतात का ते बघायचं. थांबले तर तोच. नाही तर दुसरा.

आणि हो, प्रत्येक थेंब म्हणजे गळती नव्हे. शॉवर बंद केल्यावर त्याच्या पोटात पाणी उरतंच. भोकं बारीक असतात, पाण्याची स्वतःची घट्ट साय असते, त्यामुळे ते लगेच सांडत नाही. पेयाच्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबलं की आतलं पाणी अधांतरी राहतं, तसंच. मग केव्हातरी एका भोकातून हवा आत शिरते आणि एकदम भसकन पाणी पडतं. छताला लावायच्या मोठ्या ताटाएवढ्या शॉवरमध्ये हे फार होतं, आणि माणूस अंग पुसून उभा असतानाच होतं. थोड्या वेळाने थांबलं तर तो दोष नाही. रात्री कोरडं भांडं खाली ठेवावं. सकाळी घोटभर पाणी असेल तर विसरून जावं, भांडं भरलेलं असेल तर कॉक उघडायला घ्यावा.

दुसरी चूक मात्र महाग पडली, आणि ती निव्वळ अंगमेहनतीची होती. तोच नवा शॉवर टपकतोय म्हणून मी तो चिडून परत काढायला गेले. आटे घट्ट बसले होते. मी पाना लावला, पाय रोवले, आणि सगळी ताकद लावून फिरवला. फिरला. मी खूश. फक्त फिरला तो शॉवर नव्हता, तर भिंतीतून बाहेर येणारी वाकडी नळीच आतल्या आट्यांत फिरली होती. मला ते कळलंही नाही. दीड-दोन महिन्यांनी भिंतीच्या पलीकडच्या खोलीत, कपाटामागे, ओलीचा एक नकाशा उमटला. मग फरशी फोडणं आलं. दुरुस्तीला आलेल्या प्लंबरने जागा बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, एका हाताने नळी धरायची असते."

एवढंच. बाकी काही बोलला नाही बिचारा.

तर एका हाताने, किंवा दुसऱ्या पान्याने, नळी धरायची आणि दुसऱ्याने शॉवर सोडवायचा. खालून चाळणीकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने तो सुटतो. पान्याच्या जबड्याला जाड कापड गुंडाळायचं, नाहीतर चकाकीवर दातांचे ओरखडे उठतात आणि ते कायम आपल्याकडे बघत राहतात. अजिबात सुटत नसेल तर जोर वाढवायचा नाही. सांध्याभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून तासभर थांबायचं. आटे धरून बसलेले असतात ते बहुतेक वेळा क्षाराने, आणि क्षाराला ताकदीपेक्षा आंबटपणाचं भय जास्त.

या आट्यांची एक गंमत आहे. शॉवरचे आटे बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाचे म्हणतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. पण पट्टी लावली तर बाहेरून ते जवळजवळ 21 मिलिमीटर भरतात. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चुकीचा भाग आणला की काय म्हणून घाबरले होते. ते अर्धा इंच हे नाव जुन्या काळच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं आहे. पाइपाच्या भिंती पातळ झाल्या, साहित्य बदललं, नाव मात्र तेच राहिलं.

तिसरी चूक टेपची, आणि तिचे धागेदोरे या टोचणाऱ्या पाण्यापर्यंत येतात. आईसाठी हातातला शॉवर आणला तेव्हा त्याच्या लवचिक नळीच्या वरच्या टोकाशी पाणी झिरपायचं. मी टेफ्लॉन टेप घेतली आणि अशी गुंडाळली, अशी गुंडाळली, की आटे दिसेनात. गळती कमी झाली, थांबली नाही. आणखी टेप. नट वाकडा चढला. काढून पुन्हा टेप.

कारण साधं होतं. जिथे आटेच पाणी अडवतात, म्हणजे भिंतीच्या नळीवर शॉवर थेट चढवतो तिथे, टेप लागते. आट्यांच्या फटी ती भरते आणि घसरडी असल्यामुळे सांधा पुरता आवळूही देते. टेफ्लॉनचा शोध 1938 साली अमेरिकी रसायनतज्ज्ञ रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अपघातानेच लागला. टाकीतला वायू येईना म्हणून ती कापून बघितली तर आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. टेप गुंडाळताना आट्यांचं टोक आपल्याकडे ठेवून घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे पुरेत. उलट गुंडाळली तर शॉवर चढवताना ती उलगडत जाते. पण लवचिक नळीच्या सांध्यात पाणी अडवण्याचं काम आट्यांचं नसतंच. ते काम आतल्या सपाट रबरी वायसरचं. तिथे आटे फक्त दाबून धरतात. टेपने तिथे काही साधत नाही.

आणि माझा तो वायसर कुठे होता? जुनी नळी फेकण्याआधी सहज तिच्या नटात डोकावले, तर तिथेच चिकटून बसलेला. नवी नळी लावताना मी वायसर नसलेल्या सांध्यावर मीटरभर टेप खर्च केली होती. वायसर बसवला, हाताने आवळला, गळती बंद. पाना लागलासुद्धा नाही.

जाता जाता, नळी मधूनच गळत असेल तर टेपचा विचारही करू नये. बाहेरचं स्टीलचं वेटोळं हे नुसतं चिलखत आहे. पाणी असतं ते आतल्या बारीक रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळीत. ती चिरली की पाणी चिलखताच्या आतून घरंगळत भलत्याच ठिकाणी बाहेर येतं, आणि आपण त्या भलत्याच ठिकाणाला फडकी बांधत बसतो. नळी बदलायची, विषय संपवायचा.

आता मूळ मुद्द्याकडे, त्या एकोणतीस बंद भोकांकडे.

शाळेच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन पाणी असं काहीतरी होतं. साबणाला फेस न येणारं ते दुष्फेन, बोलीभाषेत जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं किंवा उघड्यावर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि विरघळलेलं बायकार्बोनेट न विरघळणारं कार्बोनेट होऊन बसतं. म्हणजे चुनखडी. गुहांमध्ये छतापासून लोंबणारे लवणस्तंभ बनतात ते याच रसायनाने, फक्त त्यांना हजारो वर्षं लागतात आणि लोक ते बघायला जातात. माझ्या न्हाणीघरात तीच प्रक्रिया वर्ष-दोन वर्षांत झाली होती आणि बघायला मी एकटीच.

लिटरमागे 180 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार असेल तर पाणी फार जड समजतात. समजा, 200 मिलिग्रॅम आहे आणि एका आंघोळीला 40 लिटर पाणी लागतं. म्हणजे प्रत्येक आंघोळीत 8 ग्रॅम क्षार शॉवरमधून जातो, वर्षाला जवळपास 3 किलो. त्यातला बहुतेक सगळा मोरीतून निघून जातो. पण आंघोळ झाल्यावर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक थेंब लटकून राहतो, वाळतो, आणि आपला कणभर वाटा मागे ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा कण. भोक तरी केवढं, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान.

यावर उपाय आंबट. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असतं. चुनखडीशी गाठ पडली की बुडबुडे येतात, ते निसटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे. हिशेब केला तर 200 मिलिलिटर व्हिनेगर जास्तीत जास्त 8 ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळवू शकतं. म्हणजे एका आंघोळीच्या पाण्यात जितका क्षार असतो तितकाच. म्हणून एकाच वाटीतलं व्हिनेगर दोन शॉवरना पुरवायची काटकसर फसते. बुडबुडे थांबले याचा अर्थ क्षार संपला असाही होतो आणि आम्ल संपलं असाही. थोडं ताजं व्हिनेगर घालून बघितलं की कळतं कोण हरलं.

मी शॉवरचं तोंड सोडवून कोमट व्हिनेगरमध्ये बुडवलं. भिंतीवरचा निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरला बांधतात, चाळणी बुडेल अशी. दिसायला तो प्रकार सलाइन लावलेल्या रुग्णासारखा दिसतो, पण चालतो. साध्या प्लॅस्टिकला किंवा स्टीलला दोन-तीन तास हरकत नाही. सोनेरी, काळा किंवा तांब्याच्या रंगाचा मुलामा असेल तर अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये, मुलामाच उतरतो. सायट्रिक आम्लाची पूड वापरणारेही आहेत, वासाचा त्रास नाही म्हणून. मात्र ते द्रावण उकळत्या पाण्यात करू नये. सायट्रिक आम्ल आणि कॅल्शियम मिळून जे बनतं ते गरम पाण्यात आणखीच कमी विरघळतं, आणि एक थर काढून दुसरा बसवल्यासारखं होतं.

एका बाबतीत मात्र गंमत नको. न्हाणीघर स्वच्छ करायचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल, व्हिनेगरसुद्धा, एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि न्हाणीघर ही घरातली सगळ्यात कोंदट खोली असते. फरशीचं जालीम ॲसिडही शॉवरवर ओतू नये. क्षार जाईल, पण बरोबर शॉवरचं तोंडही जाईल.

दोन तासांनी जुन्या दातघासणीने चाळणी घासली. हट्टी भोकांत लाकडी दातकोरणी फिरवली. सुई किंवा पिन घालायचा मोह होतो, पण तिने भोकाची कड दुखावते आणि धार कायमची वाकडी होते. दुसऱ्या न्हाणीघरातल्या शॉवरला भोकांऐवजी रबरी बोंडं आहेत. त्याला हे सोपस्कार लागत नाहीत. अंगठ्याने बोंडं चोळली की क्षाराचा चुरा आपोआप गळून पडतो. नवा शॉवर घेताना मी आता नुसती चकाकी बघत नाही, अंगठा फिरवून बघते.

साठपैकी अठ्ठावन्न भोकं मोकळी झाली. मी विजयी मुद्रेने शॉवर लावला, कॉक उघडला. आणि पाणी? रडवेलं. अठ्ठावन्न भोकांतून अठ्ठावन्न अश्रू. टोचणं गेलं होतं, पण त्याबरोबर सगळा प्राणच गेला होता.

आई दारातून बघत होती. "मेलंय का गं ते?" तिने विचारलं.

इथे माझा एरवीचा बाणा म्हणजे नवा शॉवर आणायचा. पण भिंतीच्या पलीकडचा तो ओलीचा नकाशा आठवला आणि मी बादली आणली. 10 लिटरची. शॉवरचं तोंड काढून टाकलं आणि नुसत्या नळीने बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. या एका चाचणीने जेवढं कळतं तेवढं तासभर शॉवरकडे बघत उभं राहून कळत नाही. नुसती नळीच हळू भरत असेल तर दोष मागे आहे, तोंडाला छळण्यात अर्थ नाही. नळी भराभर भरते आणि तोंड लावल्यावर रखडते, तर दोष तोंडात.

नळीने 1 मिनिट 50 सेकंद घेतले. म्हणजे मागेच काहीतरी. वरच्या टाकीकडे बघितलं. टाकी भरलेली होती, आणि नसती तरी फार फरक पडला नसता. पाण्याचा दाब टाकीत पाणी किती यावर नाही, ते किती उंचावर यावर ठरतो. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे दाब मोजायचं एकक). टाकी शॉवरपेक्षा दोनच मीटर उंच असेल तर 0.2 बारवर समाधान मानायचं, मग टाकी 500 लिटरची असो की 5,000 ची. म्हणूनच कमी उंचीच्या टाकीखाली ताटाएवढे पावसाळी शॉवर लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. शेकडो भोकं आणि दाब नावालाही नाही, तर पाऊस कुठून पडणार, नुसती पागोळी गळते.

पण आमची टाकी चांगली उंच आहे. मग मागे काय? मी कॉककडे बघितलं. तोच कॉक, जो चार दिवसांपूर्वी मी स्वतः अर्धा फिरवून बारीक केला होता आणि साफ विसरले होते.

तो पूर्ण उघडला. बादली 55 सेकंदांत भरली. तोंड लावून पुन्हा बघितलं, 1 मिनिट 40. अजून कुठेतरी अडत होतं. नळी आणि तोंड यांच्या सांध्यात वायसरला लागून एक बारीक जाळी असते, पाण्यातला कचरा अडवायला. ती नखाने उचकटून काढली. अर्धी वाळूने भरलेली, आणि त्या वाळूत गुरफटलेल्या पांढऱ्या, तलम चिंध्या. क्षणभर कळेना हे काय. मग कळलं. माझी टेप. मागच्या दुरुस्तीत आट्यांवरून पुढे लोंबत राहिलेली, पाण्याने तोडून तोडून जाळीत आणून ठेवलेली.

ही जाळी इतके दिवस तुंबलेली असूनही जाणवली कशी नाही? कारण बाहेर भोकंच बंद होती. पाणी मुळात इतकं थोडं वाहत होतं की तुंबलेल्या जाळीतूनही तेवढं आरामात निघत होतं. भोकं उघडली तेव्हा जाळीची पाळी आली. एक अडसर काढला की त्याच्या मागे दबा धरून बसलेला दुसरा दिसतो, आणि माझ्या बाबतीत तर तिन्ही अडसरांपैकी दोन मीच उभे केलेले होते. जाळी धुतली, तोंड लावण्याआधी नुसत्या नळीतून जोरात पाणी सोडून उरलासुरला कचरा घालवला. बादली 1 मिनिट 10 सेकंदांत भरली. मिनिटाला साडेआठ लिटर. आंघोळीला भरपूर.

शॉवरच्या दुखण्यांत त्याचं तोंड हवं तसं वळू देणारा गोळ्याचा सांधाही येतो, जो कडक झाला की तोंड वळत नाही. त्याला सिलिकॉन ग्रीस लावावं. पेट्रोलियम जेली हाताशी असते म्हणून लावतात, पण काही प्रकारची रबरं तिने फुगतात आणि मऊ पडतात.

आणखी एक गोष्ट, जी मी आईमुळे शिकले. मध्यंतरी ती महिनाभर भावाकडे राहायला गेली होती. तेवढा काळ तिच्या शॉवरच्या नळीत पाणी तसंच साचून राहिलं. 1976 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या शोधातून लेजिओनेला नावाचा जिवाणू पहिल्यांदा ओळखीचा झाला. तिथे त्याचं घर वातानुकूलनाच्या पाण्यात होतं, पण 20 ते 45 अंश सेल्सियसच्या साचलेल्या पाण्यात तो कुठेही वाढू शकतो, आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर श्वासातून छातीत जातो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, वयस्करांना आणि फुप्फुसं नाजूक असलेल्यांना होऊ शकतं. म्हणून घर बंद असेल तर आल्यावर शॉवरचं तोंड बादलीच्या तळाशी धरून, तुषार उडू न देता, काही मिनिटं पाणी सोडून द्यायचं. आधी गरम, मग गार. आणि आपण तोवर दाराबाहेर. आईला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कुठे जायचंच नाही म्हण."

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्त केलेल्या शॉवरखाली आंघोळ केली. मी बाहेर नेहमीसारखी घुटमळत होते, खरं म्हणजे शाबासकीची वाट बघत.

"कसंय आता?"

बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"मऊ आहे," ती म्हणाली. "फारच मऊ आहे. अंगावर पडतंय की नाही तेच कळत नाही." आणि मग थोड्या वेळाने, "बरं वाटतंय पण."

साठपैकी दोन भोकं अजून हट्टाला पेटलेली आहेत. एक कायमचं बंद आहे. दुसऱ्यातून एक बारीक तिरकी धार निघते आणि बरोबर साबणदाणीवर पडते, त्यामुळे साबण सदा लिबलिबीत. मी तीनदा व्हिनेगर केलं, दातकोरण्या मोडल्या, तोंड फिरवून फिरवून बसवलं. चौथ्यांदा व्हिनेगरची बाटली घेऊन गेले, तर साबणदाणी जागेवर नव्हती. आईने ती उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली होती.